सातवे अंडे

सभापती मंडपात शिरले तेव्हा झाडून सारे उभे राहिले. एक बाई तेवढी बसून राहिली.

कोंबड्यांच्या पिंजऱ्यांची तिसरी रांग जिथे संपत होती तिथे, सत्तावीस क्रमांकाच्या पिंजऱ्याला टेकून, ती भुईवर बसली होती. वय साठीच्या पुढे. कपाळावर आणि हनुवटीवर गोंदणाचे हिरवे ठिपके. पदर कमरेभोवती घट्ट गुंडाळलेला आणि दोन्ही तळवे ओच्यावर ठेवलेले. हार घालून झाले, टाळ्या झाल्या, ध्वनिक्षेपकाने दोन वेळा शीळ घातली. तिने एकदा मान वळवून त्या गर्दीकडे पाहिले आणि नजर पुन्हा आपल्या कोंबडीवर नेऊन ठेवली.

"मावशी, उठा जी," आमच्या दवाखान्याचे व्रणोपचारक दशरथ बोरकुटे तिच्याजवळ वाकून म्हणाले. "सभापती आले ना."

"येऊ द्या. मले उठता येत नाई."

"पाय दुखते का?"

"पाय चांगले आहेत."

बारा क्रमांकाच्या पिंजऱ्यापाशी तेंदूपत्त्याचे ठेकेदार वासुदेवराव लांजेवार उभे होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेने, आणि पिंजऱ्यात अख्ख्या तालुक्याने वाखाणलेली असील कोंबडी. ते सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "राहू द्या बोरकुटे. भागरताबाईसाठी खुर्ची आना, अन् सभापतीले म्हना, तुमीच जरा खाली बसा."

लोक हसले. बाई हसली नाही, रागावलीही नाही. "ठेकेदार," ती म्हणाली, "तुमची कोंबडी मघापासून चोच वासून रायली. तिले पानी दाखवा, मंग मले खुर्ची द्या."

लोक पुन्हा हसले, पहिल्यापेक्षा थोडे जास्त. लांजेवारांनी मुकाट्याने वाटी पुढे सरकवली.

ही हकीकत १९८३ सालच्या फेब्रुवारीतली, वैनगंगेच्या काठच्या एका तालुक्यातल्या पशुप्रदर्शनातली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो, तालुक्याचा पशुवैद्यक होतो, आणि त्या दिवशी कोंबड्यांचा परीक्षक होतो. खात्याने त्या वर्षी असील जातीच्या जतनासाठी एक केंद्र काढले होते. शुद्धतेचा दाखला मिळालेली कोंबडी केंद्रात जाणार, तिथल्या शुद्ध असील नरापासून तिची वीण वाढणार, आणि निम्मी पिले मालकाला परत मिळणार, अशी योजना होती. दाखल्यावर सही माझी. शुद्धता ओळखण्याचे निकषही मीच लिहिले होते: अकरा कलमे, प्रत्येक कलम एका वाक्याचे, आणि त्या अकरा वाक्यांतला एक स्वल्पविरामसुद्धा मी वरिष्ठांना हलवू दिला नव्हता. जे नेमके मांडता येते ते नेमके ओळखता येते, अशी माझी त्या वयातली श्रद्धा होती, आणि तिच्यासाठी मी कोणाशीही, कितीही वेळ, वाद घालायला तयार असे.

सव्वीस पिंजरे तपासून मी सत्तावीसपाशी आलो तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते.

"नाव?"

"भागरता कोडापे. कोंबडीले नाव नाई."

मी दार उघडून कोंबडी बाहेर घेतली, आणि हात क्षणभर तसेच थबकले. पाहताना ती साधी वाटली होती. हातात घेतल्यावर कळले की पिसांच्या आत जवळजवळ सारा दगड आहे. रंग पिकल्या धानाचा. पिसे आखूड, ताठ आणि अंगाला अशी चिकटलेली की बोट आत शिरेना. मान लांब, नडगी जाड, गळ्याखाली लोंबती कातडी नाही. डोळा मोत्याच्या रंगाचा, आणि तो डोळा माझ्याकडे असा पाहत होता की परीक्षा माझीच चालली असावी. डोक्यावर असीलचा खरा तुरा: करवतीसारखा उभा नव्हे, तर चोचीच्या मुळाशी दाबून बसवलेल्या मटारच्या दाण्यांच्या तीन ठेंगण्या ओळी. मी एकेका कलमावर खूण करीत गेलो. अकरापैकी अकरा. लांजेवारांच्या कोंबडीलाही अकरा मिळाले होते, पण तिथे मी खुणा केल्या होत्या. इथे खुणा आपोआप होत गेल्या.

पोटाशी मात्र तळहाताएवढी जागा उघडी पडली होती. कातडी लालसर आणि हाताला तापलेली.

"ही खुडूक आहे. अंड्यांवर बसलेली होती ना?"

"हो जी. आज एकविसावा दिवस."

"एकविसाव्या दिवशी कोंबडी अंड्यांवरून उठवून प्रदर्शनात आणलीत?" माझा आवाज चढला. "मग अंडी गेली की वाया."

आणि तेवढ्यात, माझ्या हातातल्या त्या दगडी कोंबडीने घशातल्या घशात एक आवाज काढला. कुर्र. फार हळू, हाक मारण्याच्या अलीकडचा. त्याला उत्तर आले. ते पिंजऱ्यांच्या रांगेतून आले नाही. बाईच्या ओच्यातून आले. बारीक, चिवट, कवचाच्या आतून येणारे चिवचिवणे.

मी वर्षाला शेकडो अंडी फुटताना पाहणारा माणूस होतो. तरी माझ्या मानेवर काटा आला. बोरकुट्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. का काढली ते त्यांनाही सांगता आले नसते.

"नऊ ठेवले होते," बाई म्हणाली. "दोन वांझे निघाले. सात आहेत. तुमच्या कागदावर लिवलं होतं, पिंजऱ्यात निस्ती कोंबडी पायजे. मंग मी कुठं ठेवू जी? पाटे चारला निघाली. सात कोस पोटाशी धरून आनले. आता उठली तं वारा लागीन."

अंडी उबेत राहावीत म्हणून ती सभापतींसाठी उठली नव्हती. लांजेवारांनीही ते ऐकले होते; पण त्यांचा चेहरा नरमण्याऐवजी एकदम उजळला.

"साहेब, एक विचारतो," ते म्हणाले. "त्या अंड्यांचा बाप कोन, ते विचारा ना तिले."

मी बाईकडे पाहिले.

"गावठी," ती म्हणाली. "शेजारच्या बुधाजीचा. करवती तुऱ्याचा, तांबडा."

"अख्खं गाव जानते," लांजेवार म्हणाले. "असीलची कोंबडी अन् गावठ्याखाली सोडली. मानसानं सोन्याची अंगठी चिखलात टाकावी तशी. अन् हिले शुद्धतेचा दाखला पायजे."

मी वादासाठी नेहमी सज्ज असे, पण इथे वाद कोणाशी घालायचा हेच मला सुचेना. गावठी नराशी संबंध आला म्हणून कोंबडी बाटत नाही, हे मी लांजेवारांना शास्त्रोक्त समजावू शकलो असतो. पण केंद्राला वाण द्यायला निघालेल्या बाईने एक अख्खी वीण जाणूनबुजून वाया का घालवावी?

"का सोडली?" मी विचारले.

"परीक्षेसाठी."

"कसली परीक्षा?"

तिने आधी अंडी आडोशाला नेऊ द्या म्हटले. मैदानाला लागून शाळा होती. तिच्या व्हरांड्यात बोरकुट्यांनी भाताच्या तणसाची टोपली मांडली, मी कोंबडी तीत ठेवली, आणि भागरताबाईने ओच्यातून एकेक अंडे काढून तिच्या पोटाखाली सरकवले. तीन अंड्यांना चोचीचे टवके पडलेले होते. कोंबडीने अंग पसरले, डोळे अर्धे मिटले आणि ती पुन्हा तसेच कुर्रकुर्र बोलू लागली. मग बाईने सांगितले.

वाण तिच्या वडिलांचा. चार पिढ्या घरातला. दोन वर्षांपूर्वी कोंबड्यांना मानमोडीची साथ आली आणि आठ दिवसांत खुराडे रिकामे झाले. मेलेल्या एका कोंबडीखाली अंडी होती. ती तिने शेजारणीच्या कोंबडीखाली ठेवली, आणि त्यातून ही एकटी जगली.

"पन त्या दिवसांत बुधाजीचा कोंबडा आमच्या अंगनात येत होता," ती म्हणाली. "हिचा बाप माहा कोंबडा, का तो, कोनाले ठाऊक?"

"पण ही तर अकराही कलमांत बसते."

"दिसाले तं अर्धी असीलही पुरी असीलच दिसते जी. तुरा तीन ओळींचाच येते. आतलं डोळ्याले दिसत नाई." तिने टोपलीकडे बोट केले. "म्हनून आमच्या घरची रीत. कोंबडीवर शंका आली तं तिले एक डाव करवती तुऱ्याच्या गावठ्यासंगं ठेवायचं. आतून पुरी असीन, तं सारी पिलं तीन ओळींची निघतेत. आतून अर्धी असीन, तं कुठं ना कुठं करवत बाहेर येते."

नागपूरच्या महाविद्यालयात आमच्या प्राध्यापकांनी आनुवंशिकीच्या तीन तासिका खर्चून, फळाभर अक्षरे मांडून, मला हीच गोष्ट शिकवली होती. तिला आम्ही कसोटी संकर म्हणत असू. ती या बाईच्या घरात चार पिढ्या, एकही अक्षर न लिहिता, नांदत होती. आणि माझ्या अकरा कलमांत तिचा मागमूस नव्हता.

"किती पिलं पाहायची?" मी विचारले.

"सात."

"सहा का नाही?"

"सहात कधी कधी फसते म्हने. माहा आजा एक डाव फसला होता."

मी निकषांचा कागद उलटा करून त्यावर आकडे लिहिले. कोंबडी मिसळीची असेल तर प्रत्येक पिलाच्या वेळी नाणे उडवल्यासारखे: करवती किंवा तीन ओळी. म्हणजे सलग सारी पिले तीन ओळींची निघून आपली फसगत होण्याचा संभव एका पिलाला दोनांत एक, मग चारांत एक, आठांत एक, सोळांत, बत्तिसांत. सहा पिलांना चौसष्टांत एक. आणि सात पिलांना एकशे अठ्ठावीसांत एक. शंभरांत एक ही शास्त्राने मानलेली मर्यादा नेमकी सातव्या पिलाला ओलांडली जाते. प्राध्यापकांनी फळ्यावर सातला गोल केला होता, तो मला डोळ्यांपुढे दिसू लागला. कोणा एका आजाने फसून, हळहळून, पुन्हा मोजून, तो गोल आधीच करून ठेवला होता.

"आणि एखादं करवती निघालं तर?"

"तं कोंबडी सांजेच्या हंडीत."

"अहो, पण तुमच्या वाणाची ही शेवटची."

"वान तं मंग आधीच गेलेला असते जी," भागरताबाई म्हणाली. "कोंबडी उरली म्हनून वान उरला, असं नाई."

हे ती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवीत बोलली. मी त्या हाताकडे पाहत राहिलो.

पहिले पिलू बाराला निघाले. वाळेपर्यंत तिने ते आईखाली राहू दिले, मग काढून माझ्या तळहातावर ठेवले. मी खिशातले भिंग काढले. कोवळ्या पिसांमधून, चोचीच्या मुळाशी, केसाएवढ्या तीन रेघा. तिने भिंग नाकारले; अंगठ्याचे टोक एकदाच फिरवले.

"एक," ती म्हणाली.

एकपर्यंत दोन झाली. अडीचला चार. बातमी मंडपात फुटली होती; बैलजोड्या सोडून लोक व्हरांड्याशी येऊन उभे राहू लागले, आणि बोरकुटे त्यांना "सावली सोडा, सावली सोडा" म्हणत मागे रेटू लागले. लांजेवारही आले. पाचव्या पिलाच्या वेळी ते माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते.

"काय आहे साहेब?"

"तीन ओळी."

ते काहीसे पुटपुटले, आणि थोड्या वेळाने म्हणाले, "माह्या कोंबडीचंही असं पाहता येईन का हो?"

"येईल. हिंमत पाहिजे."

सव्वातीनला सहावे आले. सहाही तीन ओळींची. सातव्या अंड्याला दुपारपासून टवका होता. आतली पांढरी चोच दिसत होती, हलत होती, थांबत होती. चार वाजले. टवका तेवढाच राहिला.

निकाल पाचला जाहीर व्हायचे होते आणि दाखल्यांची यादी त्याच वेळी मोहोरबंद करून केंद्राकडे पाठवायची होती. मी तिला म्हणालो, "कवचाला थोडी मदत करू या. पिलू आत अडकलंय."

"नाई जी. जो स्वतः फोडून निघत नाई तो मोजायचा नाई."

"पण त्याचा तुरा अंड्यातच ठरलेला आहे. कवच त्यानं फोडलं की आपण, यानं तुऱ्यात काय फरक पडणार?"

"तुऱ्याचं नाई जी ते," ती म्हणाली, आणि वाद तिथेच सोडला.

साडेचारला कोंबडीला पाणी आणायला ती उठली. सकाळपासून पहिल्यांदाच उठत होती. गुडघे धरून उभी राहिली. सहा पिलांच्या वळवळीने कोंबडी अंड्यावरून सरकत होती, म्हणून तिने ते सातवे अंडे उचलून माझ्या दोन्ही तळव्यांत ठेवले आणि वरून माझीच बोटे मिटवली.

"धरून ठेवा. उघडू नका."

हापशी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि तिथे रांग होती. मी अंडे धरून बसलो. लोक निकालासाठी मंडपाकडे वळले होते. व्हरांड्यात मी एकटा. तळव्यात आधी काहीच नव्हते, नुसती ऊब. मग आतून एक ठोका आला. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक, आधीपेक्षा हलका. चार पिढ्यांचा तो वाण, त्या आजाची ती फसगत, पोटाशी धरून चाललेले सात कोस, हे सारे त्या दोन ठोक्यांमधल्या शांततेत माझ्या हातात होते, आणि ठोके लांबत चालले होते. ध्वनिक्षेपकावर माझे नाव पुकारले गेले. दाबके साहेब, निकाल घेऊन या.

मी नख लावले.

कवच टवक्यापासून सोलत गेले. आतला पापुद्रा कोरडा होऊन पिलाला चिकटला होता. तो मी थुंकीने ओला करून सोडवला. पिलू तळहातावर पडले, एक पाय मुडपलेला, पण जिवंत. मी भिंग लावले. तीन रेघा. स्वच्छ, सरळ, संशयाला जागा नसलेल्या तीन रेघा. मी पिलू आईखाली ठेवले, कवचाचे तुकडे तणसावर टाकले आणि आयुष्यात फार थोड्या वेळा झालो तितका आनंदी होऊन बसलो.

ती पाण्याचा गडू घेऊन आली. माझ्या रिकाम्या हातांकडे तिने पाहिले.

"निघालं," मी म्हणालो. "सात झाली."

तिने पिलाकडे पाहिले नाही. तणसातले तुकडे एकेक करून उचलले. इतर सहा अंड्यांची कवचे तिने पायरीवर नीट मांडून ठेवली होती: प्रत्येकाच्या बोथट टोकाची टोपी चोचीने गोल कापून काढलेली, जणू कोणी दोऱ्याने कातरलेली. माझे तुकडे तिने त्यांच्या शेजारी ठेवले. त्यांच्यात गोल नव्हता.

"तुरा तीन ओळींचा आहे," मी म्हणालो. "हवं तर स्वतः पाहा. निष्कर्ष तोच आहे, पुरावा तोच आहे. शास्त्राच्या दृष्टीनं यात काहीही चूक नाही." आणि हे अक्षरशः खरे होते, आजही मी ते कोणापुढेही सिद्ध करून दाखवीन.

"असीन जी," ती म्हणाली. "पन तुऱ्याचं नव्हतंच ते. हाताचं होतं. आज हातानं अंडं फोडलं. उद्या तोच हात सहाचे सात लिहीन, अन् त्याले वाटीन का भलं करून रायलो." तिच्या आवाजात राग नव्हता. "माह्या आजानंही तेच केलं होतं. सहावर भागवलं, कारन कोंबडी त्याची लाडकी होती."

"मग सहावर सही करतो. चौसष्टांत एक शंका राहते, ती मी माझ्या शिरावर घेतो."

"नका घेऊ."

"अहो, यादी आज बंद होते. कोंबडीला केंद्रातला नर मिळाला नाही तर तुमचा वाण कसा वाढणार?"

"वान चार पिढ्या टिकला. मी अजून एक डाव बसवीन." तिने आईखालून सहा पिले मोजून टोपलीत एका बाजूला घेतली. सातवे, मुडपल्या पायाचे, उचलून माझ्या हातात दिले. "हे तुमचं, साहेब. याले नीट पाळा. माह्या सातात हे नाई."

निकाल मी जाहीर केले. रूपाचे पहिले बक्षीस लांजेवारांच्या कोंबडीला दिले, कारण अकरा कलमांत ती बसत होती आणि भागरताबाईने आपला पिंजरा काढून घेतला होता. शुद्धतेचा दाखला मात्र मी कोणालाच दिला नाही. लांजेवार भांडायला आले. मी म्हणालो, "सात पिलं दाखवा." ते पिंजरा उचलून गेले. एप्रिलमध्ये त्यांचा निरोप आला: साहेबांना सांगा, चौथंच पिलू करवती निघालं, कोंबडी चवीला चांगली होती.

प्रदर्शनाची यादी कोरीच गेली; त्यानंतरची नोंदणीही ३१ मार्चला बंद करावी असा आदेश होता. ती का बंद करू नये, यावर मी वरिष्ठांना चार पत्रे लिहिली. चौथे नऊ पानांचे होते. अखेर कंटाळून त्यांनी जूनपर्यंत मुदत दिली.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी आठ वाजता, भागरताबाई दवाखान्याच्या दारात उभी होती. डोक्यावर टोपली, तिच्यावर ओले फडके. फडके काढले तेव्हा तीच धानाच्या रंगाची कोंबडी आत बसली होती, आणि तिच्या पंखांखालून सात डोकी बाहेर आली. पदराच्या गाठीतून बाईने सात कवचे काढून टेबलावर ठेवली, दोऱ्याने कातरल्यासारखी.

"मोजा," ती म्हणाली.

मी भिंग घेऊन मोजली. सात. एकेक पिलू, एकेक कवच. नोंदवही उघडून पहिल्या ओळीत कोंबडीचे वर्णन लिहिले, मालकाचे नाव लिहिले. शेवटचा रकाना होता: परीक्षा कोणी घेतली. तिथे मी भागरताबाई कोडापे असे लिहिले आणि वही तिच्यापुढे केली. तिने अंगठा उमटवला, आणि शाईचे बोट टोपलीच्या काठाला पुसले.

निघताना ती पायरीवर थांबली. "तुमचं कसं आहे?"

तो सातवा दवाखान्यामागच्या अंगणात होता, साडेतीन महिन्यांचा, उंच मानेचा, डाव्या पायाचे मधले बोट वाकडे. ती खाली बसली; तो लंगडत तिच्याकडे गेला. तिने त्याला धरले आणि अंगठा तुऱ्यावरून फिरवला.

"तीन ओळी," मी म्हणालो. "त्या दिवशी मोजलं असतं तरी खरंच निघालं असतं."

"खरं तं होतंच जी," ती म्हणाली. "मोजायचं नव्हतं."

तिने त्याला खाली सोडले, कोंबडी केंद्राच्या गाडीत स्वतःच्या हाताने चढवली, आणि पिलांची टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याला लागली. केंद्रात तो वाण वाढला. आज त्याच्या पिढ्या तीन जिल्ह्यांत आहेत आणि प्रत्येक नव्या नोंदीआधी सात कवचे तपासली जातात.

तो वाकड्या बोटाचा कोंबडा सहा वर्षे माझ्याकडे होता. पहाटे त्याच्या आरवण्याने मला जाग येई. नोंदवहीत त्याचा उल्लेख कुठेही नाही.